सुभेदारसाहेबांचा कोटा

लोक म्हणतात, पिणाऱ्यांच्या बैठकीत किस्से फार. साफ खोटं! पिणाऱ्याला कालचं आज आठवत नाही, तो किस्सा काय सांगणार? किस्से साठतात ते सोडणाऱ्यांकडे. त्याला सगळं आठवायला लागतं, आणि एखादी गोष्ट विसरलीच तर बायको बाजूला बसून तपशील पुरवते.

आमचं मंडळ महाडला आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता एसटी डेपोच्या मागे एका क्लासच्या खोलीत आम्ही दहा माजी सैनिक जमतो. दहाही जण महाड-पोलादपूरच्या खेड्यांतले. दहाही जणांनी फौजेत इमानाने नोकरी केली आणि दहाही जणांनी पेन्शनीत आल्यावर बाटलीशी संसार केला. आता तो मोडायचा म्हणून जमायचं. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे मी अध्यक्ष. निवडणूक वगैरे काही झाली नाही. फौजेत सिनियर माणूस खोलीत शिरला की तो अध्यक्ष होतोच.

तर आमच्या खोलीतले काही किस्से सांगतो. सुरुवातीच्या किश्शांना तुम्ही खुशाल हसा, मीही हसतो. शेवटच्यांना मात्र मला हसू येत नाही, पण ते गाळले तर बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

*

पहिली मीटिंग.

आम्हाला समजावायला येतात त्या साळवी मॅडम. पोलादपूरच्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, स्कूटरवरून येतात आणि हेल्मेट काढायच्या आत माणूस ओळखतात. त्या म्हणाल्या, "खुर्च्या गोल मांडा. इथे कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. एकेकाने उठून नाव सांगायचं आणि काय त्रास होतोय ते मोकळेपणाने बोलायचं."

पहिला उठला हवालदार महादेव मोरे. फौजेत कुक होता. त्याने टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली, नंबर, रँक, नाव सगळं एका दमात सांगितलं आणि ओरडला, "सब ठीक है, साहब!" खाली बसला.

दुसरा उठला. "सब ठीक है, साहब!" तिसरा. "सब ठीक है!" असे आठच्या आठ. दहावा गडी अजून यायचा होता.

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी अभिमानाने समजावलं, "मॅडम, पहाऱ्यावरचा जवान साहेबाला असाच रिपोर्ट देतो. पद्धत आहे आमची."

"पण सगळं ठीक असतं तर हे इथे आले असते का?"

"ते खरं हो. पण साहेबासमोर वाईट कसं बोलणार?"

"साहेब कुठे आहेत इथे?"

मी म्हटलं, "मीच की!"

मॅडमनी वही मिटली. "बरं. मग साहेब, तुमचं काय?"

"माझं काय? मी ह्यांच्यावर लक्ष ठेवायला आलोय!"

सगळे हसले. मीही हसलो. खरं म्हणजे मलाही दारू सोडून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. त्याआधी मी धाकट्या भावाच्या साखरपुड्यात मांडवाचा खांब धरून झोपलेलो आहे. पण जवानांसमोर सुभेदाराने हे सांगायचं? मी नाही सांगितलं. मॅडमनीही परत विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

*

मोरेचा किस्सा महाडात बऱ्याच जणांना माहीत आहे.

मोरेच्या बायकोने कधी कुठलं पुस्तक वाचलं नाही, पण तिची पद्धत पक्की. नवरा उंबऱ्यात आला की ती म्हणणार, "हा करा." याने तोंड उघडून तिच्या नाकावर "हाऽऽ" करायचं, मगच घरात प्रवेश. रोजचं. बाजारातून आला, हा. शेतातून आला, हा. देवळातून आला, तरी हा!

दीड वर्षं हे चाललं आणि मोरेला सवय लागली. एकदा हायवेवर नाक्याला पोलिसांनी त्याची मोटरसायकल अडवली. भर दुपार. एक पोलीस लायसन्स मागायला पुढे वाकला आणि मोरेने त्याच्या नाकासमोर तोंड नेऊन लांबलचक "हाऽऽ" केला.

पोलीस दोन पावलं मागे सरला. "अरे, हे काय?"

मोरे म्हणाला, "घ्या साहेब, बघून घ्या. आज भेंडीची भाजी हाय."

*

आता यशवंत.

नाईक यशवंत जाधव, ड्रायव्हर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. सडसडीत, कमी बोलणारा, मिशी कातरलेली. फौजेत त्याने बर्फात ट्रक चालवले आणि इथे येऊन स्वतःची टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. लग्नाची वऱ्हाडं, सहली, वीर स्टेशनला मुंबईहून येणारी माणसं, सगळीकडे यशवंतची गाडी. गाडीला ओरखडा नाही. पण गाडी उभी राहिली की यशवंत आडवा.

एकदा खेडला वऱ्हाड न्यायचं होतं. तेव्हा कशेडीचा बोगदा बंद होता, म्हणून जुन्या घाटाने निघाले. निघायच्या आधी कोणीतरी याला पाजली होती. अर्ध्या घाटात याने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला आणि वऱ्हाडासमोर जाऊन उभा राहिला.

"मंडळी, मी पिलेला हाय. फुडं मी गाडी नेणार नाय."

नवरदेवाचा मामा भडकला. "अरे, मग इथवर कशी आणलीस?"

"तवा मला वाटत व्हतं का मी नाय पिलेला!"

किल्ली मामाच्या हातावर ठेवून यशवंत घाट उतरून चालत घरी आला. वऱ्हाडाला दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत तीन तास वळणावर बसावं लागलं. माकडांनी नवरीकडे न्यायच्या लाडवांचा डबा रिकामा केला.

गावात हसून हसून पुरेवाट झाली. पण त्याची मुलगी रेश्मा हसली नाही. ती मुंबईला नर्स आहे. तिचं लग्न ठरत आलं होतं. तिने बापाला फोनवर एवढंच सांगितलं, "बाबा, लग्नात पंचशील म्हणतात. पाचवं शील दारूचं आहे. ते तुम्हाला खरं म्हणता आलं, तरच आईबरोबर पुढे उभे राहून मेणबत्ती लावा. नाहीतर मामा लावेल."

दुसऱ्या रविवारी यशवंत आमच्या खोलीत आला. पहिल्या दिवशी मॅडमना म्हणाला, "मॅडम, मला एवढी एक मेणबत्ती लावायची हाय. त्याच्या फुडचं फुडं बघू."

बाकीच्यांनी दारू सोडायची कारणं सांगताना लिव्हर, साखर, बायको, इज्जत असं काय काय सांगितलं होतं. मॅडम नंतर मला म्हणाल्या, इतकं सोपं कारण घेऊन आलेला माणूस टिकतो. आणि टिकला. अकरा महिने!

*

रेजिमेंटच्या रेझिंग डेला, म्हणजे स्थापनादिनाला, मोरेने आम्हाला बडा खाना दिला. दुपारचं जेवण. मटण, भाकरी, भात, आणि दारूच्या जागी कोकमाचं सरबत. ग्लास मात्र खास तेच काढले होते, जाड बुडाचे. मोरे म्हणाला, "हाताला सवय असती, साहेब. हात रिकामा नको."

पहिला ग्लास झाला, सगळे शिस्तीत. दुसऱ्या ग्लासाला आवाज चढले. तिसऱ्या ग्लासाला एकाने दुसऱ्याच्या गळ्यात हात टाकला, "तू माझा भाऊ हायस रे." चौथ्याला दोघे रडायला लागले, एकजण सीमेवरच्या त्याच त्या रात्रीची गोष्ट चौथ्यांदा सांगायला लागला आणि एकाला तर चक्क धरून खाटेवर निजवावा लागला!

मॅडम दारात उभ्या. त्यांनी एकेक ग्लास उचलून वास घेतला. साधं कोकम, मीठ, जिरं.

मोरे घाबरून म्हणाला, "आईशपथ मॅडम, सोडासुद्धा नाय टाकलेला!"

*

आता कार्डांचं सांगतो, कारण पुढचं सगळं कार्डांवर आहे.

माजी सैनिकाला कँटीनची दोन कार्डं असतात. एकावर साबण, तेल, मिक्सर. दुसऱ्यावर दारू, दर महिन्याला ठरलेला कोटा. रँक मोठी तर कोटा मोठा. मॅडम म्हणाल्या, हे दुसरं कार्ड खिशात ठेवून दारू सुटणार नाही, ते कोणाच्या तरी ताब्यात द्या. मग ठरलं, कार्डं अध्यक्षांकडे. माझ्या घरी फौजेची काळी ट्रंक आहे. त्यात बिस्किटाच्या डब्यात नऊ कार्डं, आणि ट्रंकेची किल्ली माझ्या जानव्याला... म्हणजे माझ्या बायकोने असंच सांगितलं सगळ्यांना. मी काही जानवं घालत नाही, किल्ली खिळ्याला होती.

नऊ कार्डं. आम्ही माणसं दहा.

दहावं कार्ड माझं. ते माझ्या पाकिटात होतं. सुभेदाराचं कार्ड कोण मागणार? आणि मी तर पीतच नव्हतो.

आता खेड्यातला रिवाज तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. फौजीकडे कोटा असतो हे आख्ख्या पंचक्रोशीला पाठ असतं. प्लंबर यायला तयार नाही? एक बाटली. शेतात ट्रॅक्टर हवा? एक बाटली. कोणाच्या घरी लग्न, बारसं, वास्तुशांत? "साहेब, तुमच्या कँटीनची दोन मिळतील का?" आमच्याकडे नातं टिकवायची ती रीतच होऊन बसली आहे. बाटली दिली तर फौजी दिलदार, नाही दिली तर फौजी माजला. मी पीत नव्हतो, नुसता वाटत होतो. दर महिन्याला कँटीनला जायचो, कोटा उचलायचो आणि पिशवी पेपरात गुंडाळून घरी आणायचो. वाटेत मंडळातलं कोणी भेटलं तर म्हणायचो, "साबण."

*

आमच्या मंडळाचा बोर्ड लावायचा ठरला. "माजी सैनिक व्यसनमुक्ती मंडळ", हिरव्यावर पांढरी अक्षरं. उद्घाटनाला गावातले एक पुढारी बोलावले. नाव सांगत नाही, निवडणूक जवळ आली की ते सगळीकडेच असतात. त्यांनी फीत कापली, नारळ फोडला आणि अर्धा तास असं भाषण केलं की आमच्यातले दोघे रडले. दारूने कशी घरं उद्ध्वस्त होतात, जवानांनी सीमेवर शत्रू मारला तसा हा शत्रू मारला पाहिजे, वगैरे.

टाळ्या संपल्या. मी त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेलो. त्यांनी काच खाली केली, मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाले, "सुभेदार, आता तुमच्या सगळ्यांचा कोटा रिकामाच जात असेल ना?"

हा किस्सा मी शंभर ठिकाणी सांगितला आहे. शंभरही ठिकाणी लोक पोट धरून हसले. पण मी तो नेहमी इथेच थांबवतो.

पुढचं असं की, त्या महिन्यात मी त्यांना दोन बाटल्या पोचवल्या.

*

माझा पुतण्या संदीप. त्याचं लग्न होतं फाल्गुनात, हळद आदल्या दिवशी दुपारी. आठवडा आधी तो घरी आला. "काका, मित्रमंडळी येणार. तुमच्यासारखा काका असताना बाहेरची आणायची म्हणजे कसं दिसेल?" मी एका शब्दानेही नाही म्हटलं नाही. उलट बरं वाटलं. दोन बाटल्या दिल्या, फक्त फौजेसाठी असा शिक्का असलेल्या. वर मिशीला पीळ देऊन म्हटलं, "जपून रे. चांगली आहे."

हळदीला मी उशिरा पोचलो. मांडवाबाहेर हळदीला आलेली मुलीकडची माणसं सामान घेऊन उभी, वैतागलेली. परत न्यायला गाडी नाही म्हणे, ड्रायव्हर झोपलाय. मी ट्रॅव्हलरकडे पाहिलं. ओरखडा नसलेली गाडी. मागच्या सीटवर यशवंत, एक पाय खाली लोंबतोय, बूट मात्र व्यवस्थित जोडीने काढून ठेवलेले.

ती माणसं शेवटी एसटीने गेली. यशवंत शुद्धीवर यायच्या आधी बातमी त्याच्या घरी पोचली आणि घरातून फोनवर मुंबईला.

चार दिवसांनी संदीप नव्या नवरीला घेऊन पाया पडायला आला. हसत हसत सांगायला लागला, त्याच्या दृष्टीने तो किस्साच होता. "काका, तुमचे ते ड्रायव्हर लय शिस्तीचे हां! आधी नाय नाय करत होते. गाडीतून खाली उतरेनात. मी म्हटलं, अहो फौजी, घ्या, सुभेदारकाकांनीच दिलीय, बघा शिक्का. तेव्हा खाली उतरले. उभं राहून घेतला ग्लास, एका दमात!"

बायकोने त्यांना लाडू दिले. मी आत जाऊन ट्रंकेवर बसलो. बाहेर ती दोघं हसत होती आणि मी बिस्किटाच्या डब्यावर हात ठेवून बसलो होतो. इतकी लाज मला खांब धरून झोपलो होतो तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा निदान मी शुद्धीत नव्हतो.

*

पुढच्या रविवारी यशवंत आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मॅडमनी हळूच विचारलं, "यशवंत, काय झालं ते सांगणार?"

तो उभा राहिला. "पिलो, मॅडम. अकरा महिनं झालं व्हतं."

"कोणी दिली?"

"कोणी नाय. माझा मीच पिलो."

"कुठून आणलीत?"

"मिळाली."

मॅडमनी अजून दोनदा विचारलं. मोरेनेही विचारलं, जरा रागाने, "सांग की रे, कोण तो हरामखोर? त्याच्या दारात जाऊन सगळेच 'हा' करून येऊ!" खोलीत हशा पिकला. मीसुद्धा हसल्यासारखं तोंड हलवलं. यशवंत भिंतीकडे बघत होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, आणि ते त्याने मुद्दाम केलं हे मला कळत होतं.

मी अध्यक्ष होतो. मी उठून म्हणालो, "असू दे. माणूस आहे, चुकतो. नव्याने सुरू कर."

असे तीन रविवार गेले. दर रविवारी मी सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

*

वैशाखात रेश्माचं लग्न झालं. विहारासमोर मांडव, सगळी पांढऱ्या कपड्यांत, कडक ऊन. मी आणि मोरे मागे बसणार होतो, पण रेश्मा स्वतः आली आणि माझा हात धरून म्हणाली, "काका, तुम्ही पुढे."

मी पहिल्या रांगेत बसलो. यशवंत चौथ्या रांगेत, पाहुण्यांत. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे सुनंदावहिनी उभ्या राहिल्या. यशवंतची बायको. त्यांच्या शेजारी त्यांचा भाऊ. त्याने मेणबत्ती पेटवली. वारा होता, पहिल्या वेळी विझली, त्याने परत पेटवली. मग सगळे उभे राहिले आणि त्रिशरण-पंचशील सुरू झालं. चौथ्या रांगेतला आवाज मला ओळखू येत होता. चार शीलं झाली आणि पाचव्याला तो आवाज थांबला.

फुलं पडली, टाळ्या झाल्या. मग सत्कार. माईकवरून माझं नाव पुकारलं! रेश्माने शाल माझ्या खांद्यावर घातली आणि माईक घेऊन म्हणाली, "सुभेदारकाका नसते तर माझे बाबा अकरा महिनेसुद्धा राहिले नसते. चूक बाबांची आहे, काकांनी त्यांचं काम केलं." मग माईक माझ्या हातात दिला.

आता तरी सांगायचं होतं ना? दोनशे माणसं समोर, हातात माईक, शाल अंगावर. मी घसा खाकरला.

आणि मी व्यसनमुक्तीवर पंधरा मिनिटं बोललो.

बरं बोललो असं लोक म्हणाले. चौथ्या रांगेत यशवंतने सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

*

दुसऱ्या दिवशी मी साळवी मॅडमच्या घरी गेलो. माझं दारूचं कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मांडवाच्या खांबापासून पंधरा मिनिटांच्या भाषणापर्यंत. मला वाटलं होतं त्या ओरडतील, किंवा समजूत घालतील. त्यांनी कार्ड उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "मला काय सांगता? ज्यांच्या हातून मेणबत्ती गेली त्यांच्या घरी जाऊन सांगा."

चार दिवस मी हिंमत गोळा केली. मग एक दिवस सकाळी पोलादपूरला उतरलो, रिक्षाने त्यांच्या वाडीपर्यंत गेलो. यशवंत घरात नव्हता, खाली नदीवर गाडी धुवायला गेला होता. सुनंदावहिनी ओट्यावर पापड वाळत घालत होत्या. मला बघून पदर सावरून उठल्या. "या या साहेब, बसा. पानी आणते."

"पाणी नको, वहिनी. तुम्ही आधी बसा. मला एक सांगायचंय."

त्या बसल्या. मी उभ्यानेच सांगितलं. ती बाटली माझी होती. माझ्या कार्डावरची. माझ्या पुतण्याने माझं नाव घेतलं म्हणून यशवंतने ग्लास धरला. तुमच्या शेजारी त्याची जागा रिकामी राहिली ती माझ्यामुळे. आणि हे मला तेव्हापासून माहीत होतं.

वहिनी पापडांकडे वळल्या. एक पापड उलटा केला, परत सुलटा केला.

मग म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलं नाय, साहेब. मी इचारलं, माझ्या भावानं इचारलं. रेश्मा फोनवर रडली, म्हनली, बाबा, कोणी पाजली तेवढं सांगा, मग तुमालाच मेणबत्ती लावायला देते. तरी नाय सांगितलं."

मी एवढंच म्हणालो, "मी रेश्माला फोन करतो. आजच सांगतो."

"नको."

"वहिनी, पण..."

"नको म्हनते ना. मी रागात नाय, असं समजू नका. लय राग हाय. तुमाला चा पन इचारू नये असं वाटतंय." त्यांनी हात झटकले. "पन फौजेतनं आल्यापासनं ह्या मानसानं कायच धरून ठेवलं नाय, साहेब. नोकरी धरली नाय, घर धरलं नाय, मला दिलेला शब्द धरला नाय. ही एकच गोष्ट घट धरून बसलेत, का साहेबांचं नाव कोणाला कळू द्यायचं नाय. मेणबत्ती गेली त्येच्यापायी, तरी सोडलं नाय. तुमी सांगितलंव असं ह्यांना कळलं तर ह्यांच्याजवळ काय उरलं? तेवढं तरी ऱ्हाऊ द्या."

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. पायवाटेने यशवंत वर आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बादली. मला बघताच त्याने बादली खाली ठेवली आणि टाचा जुळवल्या.

"साहेब! कदी आलात?" मग बायकोकडे वळून, "चा नाय दिलास काय गो?"

वहिनी माझ्याकडे न बघता उठल्या. "ठेवते. साहेब लग्नाचा आल्बम बघायला आलेत."

यशवंतचा चेहरा फुलला. पाय पुसत तो घरात गेला, आल्बम घेऊन आला, माझ्या शेजारी ओट्यावर बसला आणि भराभर पानं उलटायला लागला. वहिनींचा भाऊ मेणबत्तीपाशी उभा होता ते पान त्याने न थांबता उलटलं. मग एका पानावर बोट ठेवून त्याने आल्बम माझ्या मांडीवर सरकवला.

"हा बघा, साहेब. शाल, माईक, समदं हाय. ह्यात तुमी लय भारी आलात!"